कोणाचाच रंग नको

रणजीत राठोडच्या मते निर्णय घेण्यात त्याचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता. फक्त निर्णय घ्यायच्या आधी चौघांना विचारायचं, चौघांचं ऐकून पाचव्याकडं जायचं, आणि पाचवा नाराज झाला की पहिल्यापासून सुरुवात करायची, एवढीच काय ती खोड. हिंगोलीत तो अकरावी-बारावीच्या पोरांना गणित शिकवायचा आणि उरलेल्या वेळात तो ‘गेम डिझायनर’ होता. हा शब्द त्यानं पुसेगावजवळच्या आपल्या तांड्यावर पहिल्यांदा उच्चारला, तेव्हा चुलता रूपसिंग म्हणाला, “जुगारच खेळायचा होता तर एवढं शिकलास कशाला?”

खेळाचं नाव ‘लदेणी’. टेबलाभोवती चार-पाच जणांनी बसायचं, पण सोंगट्या पळवायच्या नाहीत. प्रत्येकानं एकेक माणूस व्हायचं आणि त्याच्या तोंडून बोलायचं. फासा टाकायचा, पडेल तशी गोष्ट पुढं न्यायची. गोष्ट वाडवडिलांचीच: बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख तुडवणारे बंजाऱ्यांचे तांडे, वाटेतले चोर, आटलेल्या विहिरी, नाक्यावरचे निजामाचे शिपाई. नियम रणजीतचे, चित्रं बायकोची. शिला एका शाळेत चित्रकला शिकवायची आणि नवऱ्याच्या मानानं फारच कमी बोलायची. ती उणीव तो भरून काढायचा.

चित्रं कशी असावीत यावरून त्यानं बायकोला नुसतं पिदवलं. आधी त्याला परदेशी खेळांसारखं काळंकभिन्न काहीतरी हवं होतं: धुकं, कडे, डोक्यावरून झगे ओढलेली माणसं. शिलानं काढून दाखवलं. आता आपल्याकडं धुकं पडतं ते तुरीचा फुलोरा गाळायला. त्यामुळं चित्रातला शूर नायक तुरीच्या काळजीनं वावराकडं निघाल्यासारखा दिसायला लागला. मग रणजीतला वारलीसारखी काड्यांची माणसं हवी झाली. “ते लांब समुद्राकडचे लोक,” शिला म्हणाली. “त्यांचं त्यांच्यापाशी राहू द्या.” ही दोघं घरात गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोलायची, इथं मराठीत सांगावं लागतंय, पण टोमणा दोन्हीकडं सारखाच लागतो.

शेवटी शिलानं विचारणं सोडलं आणि मनानं चित्रं काढली. तांड्यावरच्या बायकांच्या भरतकामासारखी तुटक, जाड टाक्यांची रेघ, मधेच आरसे चमकल्यासारखे पांढरे ठिपके, आणि रंग असे कडक की लांबून हाक मारावी. चार टोळ्या, चार रंग: भगवी, निळी, हिरवी, पिवळी. बायकांचे फेटिये, म्हणजे घेरदार घागरे, लालभडक. रणजीतला दोष सापडेना, म्हणून तो दोन दिवस बेचैन होता.

“हे फायनल,” शिला म्हणाली. “पुण्याच्या खेळांच्या मेळ्यात खेळाची हीच पेटी जाईल. आता शब्द फिरवला तर मी ब्रश खाली ठेवीन, अन परत उचलणार न्हाई.”

ती बोलली म्हणजे करणार, हे त्याला माहीत होतं. त्यानं गळ्याची शपथ घेतली, आणि दुसऱ्याच दिवशी खेळाची कार्डं छापणाऱ्या मुन्नाच्या प्रेसमध्ये चार लोकांना खेळायला बोलावलं. सहज. मत म्हणून.

नगरपालिकेची निवडणूक तोंडावर होती. मुन्नाची मशीन रात्रंदिवस पत्रकं ओकत होती, आणि तिच्या शेजारच्या टेबलावर रणजीतनं तांडा मांडला. पहिल्याच फाशात भगवी टोळी चिखलात रुतली. डोंगरकडा गावचे उत्तमराव, ज्यांचा मुलगा रणजीतच्या क्लासला होता, त्यांनी चष्मा काढला.

“सर, भगव्यालाच काहून रुतवलं?”

“फासा आहे काका. फाशाला काय कळतं?”

“फाशाला नसंल कळत. बघणाऱ्याला कळतं.”

रणजीतनं घाईघाईनं निळ्या टोळीला चिखलात नेलं. त्याचा वर्गमित्र बालाजी, जो सध्या एका उमेदवाराच्या मागं फिरत होता, खुर्चीतून अर्धा उठला. “निळी? इलेक्शनच्या तोंडावर? तुला हिंगोलीत राहायचं हाय का न्हाई?” हिरव्याकडं हात जातोय तोच मुन्ना मशीनमागून ओरडला, “सर, हरे को हात भी मत लगाओ. जीता तो भी तकलीफ, हारा तो भी तकलीफ.” पिवळा तर भंडाऱ्याचा, देवाचा रंग चिखलात घालता? पांढरा त्याच्याच तांड्याच्या देवळावरचा झेंडा. गुलाबी बचत गटाच्या साड्यांचा. जांभळा ठरता ठरता राहिला, कारण तो समोरच्या क्लासच्या बोर्डाचा होता. इंद्रधनुष्याचा एकेक पट्टा कोणाच्या ना कोणाच्या नावावर चढलेला. रणजीतच्या वाट्याला गुंठाभरही उरला नव्हता.

“खेळा हो गप,” असं हसून म्हणता आलं असतं. दुसऱ्या कोणीही म्हटलं असतं. रणजीतला मात्र डोळ्यांसमोर क्लास सोडून जाणारी पोरं दिसली, तोंड फिरवणारे उत्तमराव दिसले, आणि त्यानं त्याचा सुप्रसिद्ध निर्णय घेतला: कोणाचाच रंग नको.

शिला निवडणुकीच्या ट्रेनिंगला गेली होती. रणजीत मुन्नाच्या कॉम्प्युटरपुढं बसला आणि त्यानं सगळे रंग काढून तीन प्रकारचा राखाडी भरला. राखाडीत बारीक नक्षीचे डाग दिसायला लागले, म्हणून नक्षी पुसली. केसांत लोंबणारे चांदीचे दागिने, दंडावरच्या बांगड्या, हेही काळपट ठिपके झाले, म्हणून तेही पुसले. याला ‘मिनिमल’ म्हणतात, असं त्यानं मुन्नाला सांगितलं. मुन्ना म्हणाला, “एकदम इंटरनॅशनल, सर.” मुन्नाला आणखी पत्रकं छापायची होती.

रविवारी तो नमुना घेऊन तांड्यावर गेला. शिला ट्रेनिंगहून थेट तिकडंच आली होती, सासूपाशी. रणजीतनं कार्डं काढून याडीच्या, म्हणजे आईच्या, हातात दिली. रागवायचंच असेल तर शिला याडीपुढं जरा कमी रागवेल, असा त्यात डाव होता. याडीनं, रुक्माबाईनं, पहिलं कार्ड डोळ्यांपाशी नेलं.

“अरेरे. हिचा नवरा कशानं गेला?”

“कोणाचा नवरा?”

“हिचा. अन हिचा बी.” तिनं भराभरा कार्डं उलटली. “या माय! आख्ख्या तांड्यात एक बी गडी वाचला न्हाई का रे? पटकी आलती का?”

रणजीतनं कार्डं ओढून घेतली आणि पहिल्यांदाच नीट बघितली. उघडे दंड, मोकळे केस, राखेच्या रंगाचे कपडे. केसांतल्या चांदीच्या घुगऱ्या आणि दंडावरच्या बांगड्या बाईच्या अंगावर नवरा असेपर्यंत असतात, हे बंजाऱ्याच्या लेकराला शिकवावं लागत नाही. त्याला तर मुळीच नाही. बाप गेला तेव्हा तो पाचवीत होता, आणि याडीच्या केसांतून बायकांनी घुगऱ्या सोडवताना दाराआडून त्यानं बघितलं होतं. त्यानंतर कित्येक दिवस तो तिच्याकडं बघायला घाबरायचा. आणि आता मुन्नाच्या एसीत बसून, चहा पीत, त्यानं आख्खा तांडा तसाच उघडा केला होता.

शिलानं हात पुढं करून एक कार्ड घेतलं. तांड्याच्या नायकाच्या बायकोचं. तो चेहरा तिनं आरशासमोर बसून काढला होता, आणि हे जगात फक्त तिला आणि रणजीतला माहीत होतं. ब्रशचा, शपथेचा, कसलाच विषय तिनं काढला नाही.

“तुमी गेले कधी?” तिनं विचारलं. “मला कळवलं बी न्हाई.”

रुक्माबाईनं तोंडाला पदर लावला. ती हसत होती की काय, हे त्याला नीट बघवलं नाही.

“अगं, कोणाला वाईट वाटू नये म्हणून केलं. कोणी रागवू नये म्हणून.”

“बराबर हाय,” शिला म्हणाली. “मेलेल्या माणसावर कोण रागवतं?”

रणजीत फोन घेऊन अंगणात गेला आणि मुन्नाला सगळे रंग परत टाकायला सांगितलं. चित्रं मूळची, बायकोनं दिलेली, जशीच्या तशी.

“निळा भी? भगवा कीचड में?”

“ज्याचा फासा, त्याचा चिखल.”

“उत्तमराव रूठेंगे, सर.”

“रुसू दे,” रणजीत म्हणाला. आवाज इतका चिरका निघाला की फोन ठेवल्यावर त्यानं तेच वाक्य एकदा सरावासाठी म्हणून बघितलं.

दारात शिला उभी होती. “झालं?”

“झालं.”

“मग या जेवायला. जिवंत असाल तर भूक लागली असंल.”

तो निघाला. पण उंबऱ्यात त्याची पावलं अडखळली, आणि लाल जरा जास्त तर होणार नाही ना, हे विचारायला तो याडीकडं वळला. शिलानं नुसतं बघितलं. रणजीतनं मुकाट्यानं हात धुतले आणि तो ताटावर बसला.