दोरीखालचा हात

साधना तळेघरच्या फाट्यावर एसटीतून उतरली तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची चाचणी आटोपून ती मंचरहून दिवाळीच्या सुट्टीला घरी निघाली होती. फाट्यापासून वाडी म्हणजे ओढा उतरून डोंगराची सोंड चढत जायची पायवाट. अर्ध्या वाटेत समोरून शेजारचा जानकू पळत येताना दिसला. दम घ्यायलाही तो नीट थांबला नाही. एवढंच म्हणाला, "सखूवैनीला पान लागलंय. मी गाडी बघाया चाललोय. तू घरी पळ."

अशा वेळी वाडीत सापाचं नाव कुणी घेत नाही, पान लागलं म्हणतात. साधनाच्या हातातली पिशवी तिथंच वाटेत राहिली.

आई पडवीत घोंगडीवर आडवी होती. उशाशी बाप, गेणभाऊ, गुडघ्यांत मान घालून बसला होता. त्याच्याकडून तुटक तुटक कळलं ते असं. सकाळी दव वाळायच्या आत दोघं खाचरात गेली होती. आदल्या दिवशी कापून पसरलेल्या भाताच्या पेंढ्या सखूबाई उचलत होती. एका पेंढीखाली उजवा हात घातला आणि ती चटकन मागं सरली. मनगटाशी दोन लाल ठिपके. गेणभाऊ धावला तोवर बांधाच्या भगदाडात शिरणारं शेपूट तेवढं त्याला दिसलं. कोणतं जनावर, काही कळलं नाही. भारा बांधायची नायलॉनची दोरी हाताशी होती, ती त्यानं बायकोच्या कोपराखाली करकचून आवळली, वर काटकी घालून पीळ दिला आणि तिला पाठुंगळी घेऊन पलीकडच्या वाडीतल्या भगताकडं नेलं. भगतानं लिंबाचा पाला फिरवला, अंगारा लावला आणि दिवस मावळेपर्यंत दोरी सोडू नका म्हणून बजावलं.

म्हणजे सकाळपासून दोरी तशीच होती.

साधनानं पदर बाजूला केला. दोरी मांसात रुतून दिसेनाशी झाली होती. तिच्यावरचा दंड नेहमीसारखा सावळा, आणि खालचा हात कुणा दुसऱ्याचाच असावा असा राखाडी, मधे मधे निळसर डाग पडलेला. तिनं नख दाबून सोडलं, रंग परत आला नाही. मनगटावर नाडी शोधली, सापडली नाही. पुन्हा शोधली. बोटं हलव म्हणाली, तर आईनं त्या हाताकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "हात हाये का न्हाई, त्येच कळंना गं."

मग साधनानं बाकीचं पाहिलं. पापण्या जड झालेल्या नव्हत्या. हिरड्यांतून रक्त नव्हतं. बोलणं स्वच्छ होतं, श्वास बरोबर होता. विष चढल्याची एकही खूण नव्हती. पण दोरीनं ते अडवून धरलं असेल तर खुणा दिसणारच कशा?

मागच्याच आठवड्यात तिनं हे सगळं पाठ केलं होतं. मोहिनी मॅडम वर्गात सांगायच्या की पेशी सोशीक असते. तिच्यावर ताण आला की आधी ती जुळवून घेते. उदाहरण द्या म्हटल्यावर साधनानं आईच्या तळव्यांवरचे घट्टे सांगितले होते. विळ्याच्या मुठीनं रोज घासून कातडीनं स्वतःला जाड करून घेतलेलं. मॅडम खूश झाल्या होत्या. पण रक्तच तुटलं, की जुळवून घ्यायलाही मर्यादा असते. प्राणवायू नाही म्हणून पेशी मिळेल त्यावर कशीबशी भागवते, तिच्यात आम्ल साचतं, पाणी शिरतं, ती फुगते. तेवढ्यात रक्त परत आलं तर सावरते. एका हद्दीपलीकडं तिचं आवरणच फाटतं, आणि मग कितीही रक्त दिलं तरी उपयोग नसतो. उलट मेलेल्या स्नायूतलं सगळं त्या रक्ताबरोबर वाहून हृदयाकडं जातं.

ही हद्द वर्गात फळ्यावरच्या एका आडव्या रेघेसारखी होती. इथं ती आईच्या हातात कुठं होती, ओलांडली होती की यायची होती, हे बघून समजायचा काही मार्ग नव्हता.

वाडीत फोनला रेंज नाही. साधना मागच्या टेपाडावर पळत गेली. मोहिनी मॅडमनी फोन उचलला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं, दोन-चार गोष्टी विचारल्या. मग म्हणाल्या, "ती दोरी तू कापायची नाहीस."

"मॅडम, हात जाईल."

"जाईल कदाचित. पण विष असलं आणि दोरी सोडल्याबरोबर एकदम अंगात गेलं, श्वास थांबला, तर तुझ्यापाशी काय आहे? सलाइन नाही, औषध नाही. हळूहळू सोडायची असते ती, डॉक्टरांसमोर. तू फक्त तिला लवकर खाली ने."

साधना हो म्हणाली. उतरताना पायाखालची वाट तिला धड दिसत नव्हती. मॅडमचं बरोबर होतं. तिला स्वतःलाही हेच शिकवलं होतं. तरीही मॅडमनी काप म्हणावं, असं तिला फार वाटलं होतं.

घोंगडीची झोळी करून ती वाशाला बांधली. पुढं गेणभाऊ, मागं वाडीतला एक चुलता, आणि झोळीला हात लावून साधना. उतार निसरडा होता. भाताच्या दिवसांत माणसं खाचरांत पांगलेली, खांदा बदलायला वाटेत कुणी भेटेना. सखूबाई आधी कण्हत होती. मग हात दुखायचा थांबला, असं म्हणाली. ते ऐकून चुलत्याला बरं वाटलं. दुखणं थांबणं म्हणजे हात मरत चालला, हे ओळखून साधनानं दोघांना पाय उचलायला सांगितलं.

ओढ्यापाशी झोळी टेकवली. गेणभाऊनं बायकोला पाणी पाजलं आणि पहिल्यांदाच त्या हाताकडं नीट बघितलं. बोटांची टोकं काळपट झाली होती. मग त्यानं कमरेचा विळा काढला.

"कापतो," तो म्हणाला. "मीच बांधली, मीच कापतो. मरतोय त्यो हात, मला काय दिसत न्हाई व्हय?"

साधनानं त्याचं मनगट धरलं. बापाचं मनगट असं तिनं जन्मात कधी धरलं नव्हतं.

"न्हाई बाबा. आता न्हाई."

"सकाळी बांधू नको म्हनून मला कुनी सांगितलं न्हाई. आता तू आलीस शिकून, तर तू बी न्हाई म्हनतीस?"

झोळीतून आई म्हणाली, "सोड की गं बाय. ढिली तरी कर."

बापाचं मनगट साधनानं सोडलं नाही. शेवटी त्यानं विळा खाली ठेवला आणि झोळीचा वासा खांद्यावर घेतला. ओढ्यापासून फाट्यापर्यंत तो तिच्याशी एक शब्दही बोलला नाही.

फाट्यावर जानकूनं गाडी मिळवून ठेवली होती. जुन्नरचा पिकअपवाला रिजवान हिरड्याची पोती घेऊन निघाला होता. त्यानं पोती रस्त्याकडंला उतरवली, वर ताडपत्री टाकली आणि पिकअपच्या हौद्यात सखूबाईसाठी जागा केली. घाट उतरताना साधना आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली. दर वळणावर ती आईला काहीतरी विचारायची, म्हशीचं नाव, मामाच्या गावाचं नाव, म्हणजे जीभ जड झाली तर कळावं. आई प्रत्येक वेळी नीट उत्तर द्यायची. प्रत्येक उत्तरासरशी साधनाला हायसं वाटायचं, आणि त्यापाठोपाठ एक वेगळीच भीती डोकं वर काढायची. विष नसलंच तर?

दवाखान्यात डॉक्टर तरुण होते. त्यांनी हात बघितला आणि आधी सलाइन लावलं, औषध तयार ठेवायला सांगितलं. दुसऱ्या हातातलं थोडं रक्त काचेच्या नळीत घेऊन नळी टेबलावर उभी केली. विषानं बरेचदा रक्त गोठायचं थांबतं, म्हणून ही तपासणी. साधना नळीकडं बघत उभी राहिली. डॉक्टरांनी वेळ झाल्यावर नळी तिरकी केली. रक्त हललं नाही. घट्ट गोठलं होतं.

मग दंडावर रक्तदाब मोजायचा पट्टा बांधून, फुगवून, दोरी कापून, तो पट्टा थोडा थोडा सैल केला. सगळ्यांच्या नजरा सखूबाईच्या चेहऱ्यावर. काही झालं नाही. पुन्हा तपासणी केली, रक्त पुन्हा गोठलं. एक तर जनावर बिनविषारी होतं, नाहीतर चावताना त्यानं विष सोडलंच नव्हतं, डॉक्टर म्हणाले.

"म्हंजी वाचली?" गेणभाऊनं विचारलं.

"जीवाला सापाचा धोका नाही," ते म्हणाले, आणि त्या हाताकडं बघत पुढचं वाक्य जुळवत राहिले. साधनानं ते आधीच ओळखलं होतं. कोपराखाली चार बोटांपर्यंत रंग परत आला, कातडी ऊन झाली. त्याखाली काही आलं नाही. संध्याकाळपर्यंत हात टरारून सुजला, लघवी कोऱ्या चहासारखी काळी उतरली, आणि ज्या गोष्टी तिनं पुस्तकात वाचल्या होत्या त्या एकेक करून आईच्या अंगात घडू लागल्या. मेलेल्या स्नायूंचा भार मूत्रपिंडांवर पडला होता. तिला पुण्याला हलवलं. दोन-तीन दिवस नुसती ओढाताण चालली. मूत्रपिंडं सावरली. हात कोपराखाली काढावा लागला.

ऑपरेशननंतर गेणभाऊ वॉर्डाच्या बाहेर जिन्यात बसायचा. आत यायला सांगितलं तर म्हणायचा, तुमी बसा. एकदा साधना त्याच्यासाठी चहा घेऊन गेली. तो कपाकडं बघत म्हणाला, "काय बांधलं नसतं, तर काय बी झालं नसतं." ती त्याला समजावणार होती की त्यानं जीव वाचवायलाच बांधली, कुणीही बांधली असती. पण तिच्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"मी आले तवा कापली असती तर कदाचित हात वाचला असता."

गेणभाऊनं मान वर केली. "तुझ्या मॅडमनी न्हाई म्हनलं व्हतं."

"व्हय. अन् त्यांचं बरोबर व्हतं. तरी पण."

जिन्यातून माणसं चढत उतरत होती.

सखूबाईनं मात्र बरेच दिवस कुणालाच काही विचारलं नाही. घरी परत आणल्यावर, राहिलेलं भात शेजाऱ्यांनी झोडून दिल्यावर, एका दुपारी साधना तिची जखम धूत होती तेव्हा ती म्हणाली, "ओढ्यापाशी मी सोड म्हनले. तवा तुला म्हाईत व्हतं का, हात चाललाय म्हनून?"

खोटं बोलता आलं असतं. आईला ते पटलंही असतं.

"व्हय आई. म्हाईत व्हतं."

सखूबाईनं हात, म्हणजे हाताचं जे उरलं होतं ते, तिच्याकडून हळूच काढून घेतलं. रागानं नाही, पण काढून घेतलं. नवी पट्टी दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या सिस्टरकडूनच बांधून घेईन म्हणाली. साधनानं सामान आवरलं. सुट्टी केव्हाच संपली होती, कॉलेजातून निरोप येत होते. जावं की इथंच राहावं, ते तिला ठरवता येत नव्हतं.

रात्रीच्या जेवणाला तिनं भाकरी कुस्करली, कालवण घातलं आणि घास करून आईच्या तोंडापाशी नेला. सखूबाईनं तोंड फिरवलं. ताट स्वतःपुढं ओढलं आणि डाव्या हातानं जेवायला लागली. आयुष्यभर ज्या हातानं जेवणाला शिवायचं नाही म्हणून तिनं पोरांना मारलं होतं, त्या हातानं. अर्धा घास पदरात सांडला. साधना पुढं झाली तसं गेणभाऊनं डोळ्यांनीच तिला थांबवलं.

"तू उद्याच्या गाडीनं जा," सखूबाई ताटातून नजर न उचलता म्हणाली. "हितं बसून काय करनार?"

तो राग होता की माफी, हे साधनाला त्या वेळी कळलं नाही. सकाळी ती निघाली तेव्हा आई खाचराच्या बांधावर पाठमोरी उभी होती, आणि तिनं वळून बघितलं नाही.