शेवटच्या खुणेपलीकडे

धाकट्याने प्रोग्रामचे तुकडे जोडणाऱ्या लिंकरच्या फाइलमधली शेवटची खूण थोडी खाली सरकवली आणि प्रोग्राम पुन्हा बांधायला लावला. काम किरकोळ होतं. रुग्णाच्या शिरेत थेंबाथेंबाने औषध सोडणाऱ्या पंपाची नवी आवृत्ती निघायची होती आणि त्याआधी मेमरीत जरा आवराआवर हवी होती, एवढंच.

चाचणीचा अहवाल उघडला आणि मागे उभे असलेले मास्तर थबकले. मास्तर म्हणजे चाचणी विभागाचे प्रमुख; दुसऱ्याच्या चुका काढून कान पिळायची हौस, म्हणून हे नाव पडलेलं.

"मागच्या वेळी पैकीच्या पैकी मिळाले होते ना रे तुला? मग हे लाल काय दिसतंय?"

लाल ओळी सगळ्या अलार्मच्या भागातल्या होत्या. प्रोग्रामच्या प्रत्येक तुकड्याला एक काउंटर जोडलेला असतो. चाचणीत तो तुकडा चालला की काउंटर वाढतो. हे सगळे काउंटर मेमरीत कुठे बसवायचे ते लिंकर ठरवतो, आणि अहवाल पहिल्या खुणेपासून शेवटच्या खुणेपर्यंतचेच काउंटर वाचतो. मागच्या आवृत्तीत जागा पुरेना, तेव्हा अलार्मच्या भागाचे काउंटर धाकट्यानेच उचलून पलीकडच्या मोकळ्या जागेत बसवले होते. खूण मात्र जिथल्या तिथे राहिली. हजेरीपटावर ज्याचं नावच नाही, तो गैरहजर तरी कसा ठरणार? अहवाल म्हणाला, शंभर टक्के, आणि सगळ्यांनी एकमेकांची पाठ थोपटली. आज खूण खाली सरकली आणि ते शून्यावरच राहिलेले काउंटर पहिल्यांदाच अहवालात आले.

मास्तरांनी कपाटातला मागच्या आवृत्तीचा जुना पंप काढून टेबलावर ठेवला. नळीत हवेचा बुडबुडा सोडला. अलार्म वाजला. बुडबुडा काढून त्यांनी 'पुढे चालू'चं बटण दाबलं, आणि दिवसभर पुरायचं औषध पंपाने बघता बघता भांड्यात ओतून टाकलं.

धाकट्याने घाईने पंप बंद केला.

"तुझ्या बहिणीच्या वॉर्डात हाच होता ना?" मास्तरांनी हळूच विचारलं. त्यांच्या आवाजात आज मास्तरकी नव्हती. "मी हॉस्पिटलांना फोन लावतो. पंप बंद करायला सांगतो. तू ऊठ, आधी तिच्याकडे जा."

ताई परिचारिका होती. तिच्या वॉर्डातला एक म्हातारा औषध जास्त झाल्याने गेला आणि तिला घरी बसवलं होतं. पंप बंद केला की टाकलेला आकडा पुसला जायचा, त्यामुळे पुरावा म्हणून उरला तो तिचा शब्द. सुरुवातीला ती छातीठोक सांगायची, आकडा बरोबरच टाकला होता, मधे अलार्म वाजला होता. मग तिने धाकट्याला विचारलं. तिच्याच पगारावर शिकलेला भाऊ. त्याचा शब्द घरात शेवटचा. तो म्हणाला होता, "ताई, त्या पंपाची ओळ न् ओळ तपासलीय. अहवाल मी स्वतः पाहिलाय." त्या दिवसापासून ती गप्प झाली होती.

तो पोचला तेव्हा ताई ओट्याशी बसून मटार सोलत होती. चेहरा निवलेला. कित्येक महिन्यांत त्याने तो असा पाहिला नव्हता.

"बस. चहा टाकते," ती म्हणाली. "आज हॉस्पिटलच्या चौकशी समितीपुढे जाऊन आले. कबूल केलं सगळं. सुटल्यासारखं वाटतंय बघ."

"काय कबूल केलंस?"

"एकावर शून्य पडलं माझ्याकडून. आधी आठवतच नव्हतं. रोज डोळे मिटून बसायचे, मग हळूहळू आलं." तिने ओट्यावर बोट टेकवलं आणि दाबून दाखवलं. "ते म्हातारबाबा गंमत करत होते. म्हणाले, पोरी, तुझ्या हाताला गुण आहे. मी हसले, आणि हसता हसता हे असं. बटण जरा चिकट होतं."

धाकट्याने खाली बसून तिचे दोन्ही हात धरले.

"ताई, तू काही नाही केलंस. चूक पंपाची आहे. माझी आहे. अलार्मनंतरचा भाग आम्ही कधी तपासलाच नव्हता, आणि मी तुला सगळं तपासलंय म्हणून सांगितलं. आज डोळ्यांनी पाहिलं मी, एक बटण दाबलं आणि सगळं औषध गेलं. चल, आत्ताच्या आत्ता समितीकडे जाऊ."

ताईने शांतपणे ऐकून घेतलं. एक हात सोडवून घेतला. बोट पुन्हा ओट्यावर टेकवलं आणि जरा उचलून पाहिलं, चिकटतंय का ते.

"मग मला आठवतंय ते काय आहे रे?" तिने विचारलं.

आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो सांगेल ते ती याही वेळी खरं मानणार होती.