कप्तानाच्या नावाची झोळी

एरवी मी झोळी असते आणि मॅचच्या दिवशी बॅनर. तुमच्याशी बोलतेय ती दोन्हींची मिळून एकच, मुकुंदवाडीतल्या एका पत्र्याच्या खोलीत वरच्या पाइपाला टांगलेली.

जन्मानं मी मांजरपाट. गुलमंडीच्या एका दुकानात गठ्ठ्यात पडून होते. सुयश आणि त्याचे दोस्त आले, माझी लांबी-रुंदी बघितली. दुकानदारानं विचारलं, "गादीला पाहिजे का पडद्याला?" सुयश म्हणाला, "सांडूला." दुकानदाराला काही उमगलं नाही. मलाही नाही.

सांडू म्हणजे शहराच्या फुटबॉल टीमचा कप्तान. टीमचं नाव 'बावन्न दरवाजे', शहराच्या जुन्या वेशींवरून. सांडू मूळचा फुलंब्रीकडचा, मागं बचावाला उभा राहायचा, आणि तो उभा असला की समोरच्याला वाट मिळायची नाही. म्हणून पोरांनी माझ्या एका अंगावर निळ्या रंगानं लिहिलं, 'दरवाजे बावन्न, कुलूप एक – सांडू!' दुसरं अंग पांढरंच राहिलं. त्या वर्षी मी मैदानावर पुष्कळ फडफडले. सांडू मॅच झाली की माझ्यासमोर यायचा आणि छातीला हात लावायचा. कापडाला मान नसते, नाहीतर ताठ झाली असती.

मोसम संपला, तेव्हा सुयशच्या घरी लेकरू होतं दोन महिन्यांचं. त्याची साडीची झोळी विरली होती. सुयशची बायको मोनिका माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "हे कापड दणकट हाय. मॅच येईस्तोवर मला द्या."

तिनं मला कढत पाण्यात घातलं, वाळवलं, पुन्हा घातलं. नाकाला लावून रंगाचा वास राहिला का ते बघितलं. निळी अक्षरं बाहेर, पांढरं अंग आत, अशी मला बांधली. गाठ मारल्यावर आधी स्वतः लोंबकळून बघितली आणि मगच लेकराला ठेवलं. आजही ती रोज तसंच करते. सासू, मनकर्णाबाई, हसते. म्हणते, "अगं, आमची पोरं बाभळीला टांगलेल्या झोळीत वाढली." मोनिका ऐकून घेते आणि पुन्हा लोंबकळते.

भित्री आहे ती. लेकरू गाढ झोपलं की त्याच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघते. आता ते सव्वा वर्षाचं झालं, चालायला लागलं, पण अजून एक शब्द बोललेलं नाही. शेजारची पोर त्याच्याहून लहान, ती आई म्हणते, पाणी म्हणते, कुत्र्याला हाड म्हणते. मोनिका हे कुणाजवळ काढत नाही. खोलीत कुणी नसलं की माझ्यात वाकते आणि हळू म्हणते, "बोल रं सोन्या. एक तरी बोल."

माझ्याशिवाय हे कुणाला ठाऊक नव्हतं.

सुयश शेंद्र्याच्या कंपनीत कामाला. टीमच्या पाठीराख्यांचा तो म्होरक्या, कारण ढोल आणि मी, दोघंही त्याच्याच घरी. त्यामुळं बैठक भरायची ती माझ्याखाली. खोली एक, लेकरू झोपलेलं, मग मोनिकानं एक कायदा केला. ज्याच्या आवाजानं लेकरू उठेल, त्यानं ते पुन्हा झोपेपर्यंत झोका द्यायचा आणि तोवर त्याला बोलायची बंदी. फुटबॉलवर एवढं दबक्या आवाजात भांडणारी माणसं दुसरीकडं कुठं नसतील. डोळे वटारायचे, मांडीवर थापा मारायचे, आणि आवाज मात्र देवघरातल्यासारखा.

यंदा भांडायला कारणही तसंच होतं. टीम हरत चालली होती. मालक नानासाहेब यांनी आपला भाचा शिवम याला पुढं खेळायला आणला. सांडू त्याला चेंडू देईना, तो सांडूचं ऐकेना. कोच बाहेरून आणलेला, तो दोघांनाही काही म्हणेना. एका मॅचला तर समोरची टीम राहिली बाजूला, हे दोघं एकमेकांच्या छातीला भिडले, आणि तेवढ्यात गोल झाला. ती चित्रफीत गावभर फिरली. नानासाहेब म्हणाले, आमच्यात सगळं झकास आहे. कोच म्हणाला, मालकांना विचारा. सांडू काहीच बोलला नाही. त्या दिवशी पाठीराख्यांतही दोन तट पडले, खुर्च्या उडाल्या, आणि भांडण सोडवायला गेलेल्या सुयशच्या कपाळाला टाके पडले. सुयशनं घरी येऊन सांगितलं, पायरीवरून घसरलो. मोनिकानं ऐकून घेतलं. मला धुताना माझ्यावरचा रक्ताचा डाग मात्र तिनं बराच वेळ चोळला.

आणि मग तो रविवार आला. मॅच संध्याकाळची. लेकराला आदल्या दिवशी लस टोचलेली, रात्रभर अंग तापलेलं, सकाळी कुठं डोळा लागला. तेवढ्यात कृष्णा आला, रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन. कृष्णा सुयशचा कंपनीतला जोडीदार, डोक्यानं गरम. मागोमाग काकासाहेब आले. ते रिक्षा चालवतात, वयानं मोठे, सगळ्यांना अरे-तुरे करणारे.

कृष्णानं बसायच्या आधीच सांगितलं की आज बॅनरची पांढरी बाजू रंगवायची. काय लिहायचं तेही त्यानं ठरवून आणलं होतं. 'सांडूला सांडा!', म्हणजे टीमबाहेर टाका. सांगून झाल्यावर स्वतःच खूश झाला. पोरांनाही फार आवडलंय म्हणाला, सगळं मैदान ओरडणार.

मोनिका चहा गाळत होती. तिचा हात थांबला. पांढरी बाजू म्हणजे माझी आतली बाजू, लेकराच्या अंगाला लागणारी.

"लेकरू झोपलंय," ती म्हणाली. "उठलं की घ्या."

"रंग वाळायला येळ लागतो, वहिनी."

"उठलं की घ्या," ती पुन्हा म्हणाली आणि माझी दोरी हातात घेऊन झोका द्यायला बसली.

मग माझ्याखाली कुजबुजत रणकंदन सुरू झालं. कृष्णाचं म्हणणं, कप्तान तो कप्तान, टीम फुटली तर जबाबदारी त्याची. भाचा असो का मालक असो, दोन कानाखाली द्यायला पाहिजे होत्या, निदान तोंड तरी उघडायचं. काकासाहेबांचं म्हणणं, कोचला पगार कशाचा मिळतो मग, आणि मालक रोज टीममध्ये ढवळाढवळ करत असला तर कप्तान बिचारा कुठं कुठं पुरणार. "अन् शिवम?" काकासाहेब म्हणाले. "त्याला चेंडू दिला की तो मामाकडं बघतो, गोलकडं नाय."

"तुम्ही सांडूचे वकील हाय का?"

"मी कुणाचाच नाय. पण बावन्न दरवाजे सताड उघडे अन् तू एकट्या कुलपाला शिव्या देतो."

दोघंही मधेमधे सुयशकडं बघत. सुयश रंगाच्या डब्याचं झाकण फिरवत होता. त्याचं मन मला कळत होतं, कारण मी त्याच्या खांद्यावरून मैदानात जाते. नाही म्हटलं तर कृष्णा अर्धी पोरं घेऊन वेगळा होणार. हो म्हटलं तर ज्या माणसाला त्यानंच कुलूप म्हटलं होतं, त्याला त्याच कापडावर शिवी. म्हणून तो झाकणच फिरवत राहिला.

ऊन उंबऱ्यापर्यंत आलं. लेकराची झोप जरा चाळवली की मोनिका झोका मोठा करी. कृष्णाच्या ते ध्यानात आलं.

"वहिनी टाइम काढायलेत."

काकासाहेब गालात हसले. "आपल्या टीमला जमलं असतं एवढं, तर वर असतो आपण."

कृष्णाला हसू आलं नाही. तो उठला आणि एकदम मोठ्यानं म्हणाला, "सुयशभाऊ, व्हय म्हणा का नाय म्हणा!" मुद्दाम. लेकरू उठावं म्हणून. लेकरू दचकलं, रडलं. मोनिकानं कृष्णाकडं फक्त बघितलं. कायदा म्हणजे कायदा. कृष्णानं दोरी धरली, पण दोन झोके दिले न दिले तोच दोरी सोडून माझा काठच धरला. "उठलंच हाय तर घ्या की वहिनी त्याला," असं म्हणत त्यानं मला ओढलं.

माझी गाठ सरकली. वरच्या पाइपावरून मी वीतभर खाली आले आणि आणखी यायला लागले. एवढे दिवस लेकरू माझ्या भरवशावर झोपत होतं आणि मला स्वतःची भीती वाटली ती त्या एका क्षणाला. मोनिकाचे दोन्ही हात माझ्याखाली आले. लेकरू त्या हातांवर तोललं गेलं. माझं एक टोक सुटून जमिनीवर पडलं.

कृष्णाचा हात तसाच अधांतरी राहिला होता. "माझ्या ध्यानात नाय आलं," तो म्हणाला, आणि तो आवाज अगदी कायद्यातला होता, दबका.

मोनिकानं लेकराला छातीशी धरलं.

"भाऊजी, त्याला सांडू का म्हणतेत ठाऊक हाय? माझ्या सासूबाई तिकडल्याच, फुलंब्रीकडच्या, त्यांना ठाऊक हाय. त्याच्या आईची लेकरं जगत नव्हती. ह्याला जन्मल्याबरोबर सुपातून उकिरड्यावर सांडल्यासारखं केलं अन् उचलून आणलं. मरणानं म्हणावं, हे टाकलेलं हाय, आपल्या कामाचं नाय. जगावं म्हणून ठेवलेलं नाव हाय ते. त्याचीच तुम्ही शिवी करता अन् माझ्या तापलेल्या लेकराच्या अंगाखाली घालता. माझं लेकरू शिवीत झोपणार नाय."

दारात भाजी निवडत बसलेल्या मनकर्णाबाईंनी होय म्हणून मान हलवली. तेवढंच.

मग मोनिका नवऱ्याकडं वळली. "अन् तुम्ही. कप्तान गप बसतो म्हणून त्याला शिव्या घालायलेत हे. तुम्ही सकाळधरून किती बोललात?"

सुयशनं कपाळावरच्या टाक्यांच्या खुणेला हात लावला. झाकण खाली ठेवलं. "पायरीवरून पडलो नव्हतो मी," तो म्हणाला. आधी बायकोकडं बघून. मग कृष्णाकडं वळून म्हणाला, "शिवी लिहायची नाय. मी म्होरक्या असेस्तोवर नाय."

"मग राहा म्होरके," कृष्णा म्हणाला. तो रागावलेला होता, पण जाता जाता वाकून त्यानं माझं जमिनीवर पडलेलं टोक उचलून ठेवलं, आणि डबा तिथंच सोडून गेला. त्याच्यामागं बाहेर गल्लीत थांबलेल्यांतली अर्धी पोरं गेली, ते त्यांच्या चपलांच्या आवाजावरून कळलं.

काकासाहेब म्हणाले, "आता ही बाजू कोरीच न्यायची का रे?"

सुयशनं मोनिकाला विचारलं, काय लिहू. तिला कुणी असं कधी विचारलं नव्हतं. ती लेकराच्या तोंडाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "त्याला म्हणावं, बोल."

"एवढंच?"

"एवढंच कुणी म्हणलं नसंल त्याला."

सुयशनं वाकड्यातिकड्या मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'सांडू, बोल.' रंग नीट वाळला नव्हता. रिक्षाच्या मागं मला धरून नेलं, वाऱ्यानं वाळले मी.

त्या दिवशीही टीम हरली. तिकडच्या कोपऱ्यातून कृष्णाची पोरं 'सांडूला सांडा' ओरडत होती, इकडं आमची थोडकी माणसं ढोल बडवत होती. मॅच संपल्यावर बाकीचे खेळाडू खाली मान घालून आत गेले. सांडू मात्र जाळीपर्यंत आला. माझ्यासमोर उभा राहिला. एक-एक अक्षर लावून वाचावं तसा वाचत होता. त्याचे ओठ हलले. ढोलांच्या आवाजात ते शब्द माझ्यापर्यंत आले नाहीत. पण त्यानं तोंड उघडलं, एवढं मी बघितलं. मग तो वळला आणि आत जाणाऱ्या शिवमच्या दिशेनं भराभर चालत गेला. पुढं आत काय झालं, ते कापडाला कोण सांगणार?

सुयश धड अंगानं घरी आला. दारात त्याला बघून मोनिकानं आधी कपाळ बघितलं, मग मला घेतलं.

आता माझी दोन्ही अंगं भरली. 'बोल' काही धुऊन जात नाही. रंग लेकराला टोचेल म्हणून मोनिका आत सासूचं जुनं मऊ लुगडं अंथरते. पण कडेची अक्षरं उघडी राहतात, आणि लेकरू जागं झालं की त्यांवर बोट फिरवतं. ती वाकून म्हणते, "बोल रं सोन्या," तेव्हा ते आता तिच्या ओठांकडं टक लावून बघतं. अजून बोललेलं नाही. परवा तिनं ही गोष्ट सुयशजवळ काढली, पहिल्यांदाच, आणि तो म्हणाला, सोमवारी डॉक्टरला दाखवू.

कृष्णा अजून आलेला नाही. काकासाहेब म्हणतात येईल, त्याचा रंगाचा डबा इथं आहे.

मी जुनी होत चालले. गाठीच्या जागी सूत सुटायला लागलंय, मोनिकाला ते दिसतं आणि तिथं ती दुहेरी टाके घालते. माझं एकच मागणं आहे, मैदानात ओरडणाऱ्या तुम्हा सगळ्यांकडं. भांडा, टीम तुमची आहे. पण कुणाच्या नावाचा बॅनर ओढून काढण्याआधी आत कुणाचं लेकरू झोपलंय का, एवढं वाकून बघत जा.