चाळीस लाख टन

उदयचा युनिफॉर्म धुण्याआधीच स्वच्छ दिसला आणि ज्ञानदाच्या मनात पुन्हा शंकेची पाल चुकचुकली. पोलादाच्या कारखान्यातून आलेले कपडे असे असतात का कधी?

जपानमधल्या त्या कारखान्यात उदय भट्टीची कॉम्प्युटर यंत्रणा सांभाळायचा. दीड वर्षापूर्वीपर्यंत त्याची कॉलर काळीकुट्ट यायची, वॉशिंग मशीनच्या जाळीत लोखंडाची भुकटी साचायची आणि ज्ञानदा कारखान्याच्या नावाने बोटं मोडायची. मग भट्टी थांबली. "बंद नाही गं, थांबवलीय फक्त. मागणी वाढली की पेटवणार," असं उदयने सांगितलं. तेव्हापासून तो रोज सकाळी डबा घेऊन ग्योतोकु स्टेशन गाठायचा आणि संध्याकाळी रिकामा डबा घेऊन परत यायचा. आता थांबलेल्या कारखान्यात माणूस दिवसभर करतो तरी काय? कुठेतरी पाणी मुरत होतं.

त्यातच ओजिमा भागात राहणाऱ्या मराठी सिंधूताईंनी आगीत तेल ओतलं. त्यांच्या ओळखीतल्या कुणाची तरी नोकरी गेली होती म्हणे, आणि तो गृहस्थ सहा महिने सूट घालून लायब्ररीत जाऊन बसत होता. बायकोला पत्ताच नाही! हे ऐकल्यापासून ज्ञानदाला घास गोड लागेना. तिघांचा व्हिसा उदयच्या नोकरीवर होता. पुढच्या वर्षी कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करायचा होता. ती त्याचे शर्ट हुंगू लागली, दुपारी काहीतरी निमित्त काढून फोन करू लागली. बाईची भानगड असती तर निदान कपड्यांना वास तरी आला असता, इथे तर तेही नाही.

"रविवारी कारखान्यात फॅमिली डे आहे. येता का दोघी?" उदयने एकदा जेवताना विचारलं.

तिचा संशय आणखीच बळावला. बंद भट्टीपाशी कसला आलाय सोहळा? पण एकदा काय तो सोक्षमोक्ष लागेल म्हणून ती आठ वर्षांच्या लेकीला, सईला घेऊन गेली.

फाटकावर मोठी पाटी होती. उत्पादनक्षमता : वर्षाला चाळीस लाख टन. आजूबाजूला सगळं गंजलेलं, आणि पाटी मात्र घासूनपुसून लख्ख. उदयचे साहेब कुरामोची-सान कमरेत वाकून पुढे आले. "उदय-सान नसते तर आमचं काही खरं नव्हतं," म्हणाले. पहारेकरी, कॅन्टीनवाल्या बायका, सगळे त्याला ओळखत होते. ज्ञानदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण काय काय मनात आणत होतो!

हेल्मेटं चढवून सगळी कुटुंबं आत गेली. रोजचं काम कसं चालतं ते दाखवायला उदय दाबमापकासमोर ताठ उभा राहिला, त्याने काट्यावर बोट रोखलं आणि खड्या आवाजात ओरडला, "दाब शून्य, योशी!" म्हणजे सगळं ठीक. मग पुढचं मापक. "तापमान ठीक, योशी!" दीड वर्ष तो रोज हेच करत होता. कुणीच हसलं नाही.

"नेतेरु नो?" सईने भट्टीकडे बघत विचारलं. झोपलीय का ही?

"हो, झोपलीय," कुरामोची-सान कौतुकाने म्हणाले. "लवकर उठवायची म्हणून आम्ही तिच्या तळातलं लोखंडसुद्धा बाहेर काढलं नाही."

ज्ञानदा जागीच थबकली. तिने हातमोजा काढून भट्टीच्या पत्र्यावर तळवा ठेवला. थंडगार होता. गार पाणी फिरवणारे पाईप कापून त्यांच्या तोंडांना झाकणं मारलेली होती. मग तिने पुढचं काही ऐकलं नाही.

परतीच्या वाटेवर सई प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमधून ज्यूस काढायला पळाली, तेव्हा ती म्हणाली, "उदय, ती भट्टी मेलीय."

"झोपलीय म्हणाले ना ते?"

"पोटात लोखंड गोठलंय तिच्या. पेटवायची तर आधी फोडावी लागेल. कुणाला फसवताय तुम्ही?"

आजूबाजूला मराठी कळणारं कुणी नव्हतं, तरी उदयने चहूकडे पाहिलं. "हळू बोल. माहितीय मला. सगळ्यांनाच माहितीय. पण तसं जाहीर केलं की पाटीवरचा आकडा गेला, आमचं डिपार्टमेंट गेलं, मी गेलो. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढच्या वर्षी आपला अर्ज होईपर्यंत निभावलं म्हणजे झालं."

"मग मला कशाला नेलंस तिथे?"

"तू संशय घेत होतीस म्हणून! मला कामावर बघशील, तुझं समाधान होईल, असं वाटलं. बाकीचं तुला कुठे कळणार होतं?"

ज्ञानदा त्याच्याकडे बघतच राहिली. लग्नाआधी ती भोसरीतल्या फाउंड्रीत मेटलर्जिस्ट होती. कामाची पाळी सुटली की हाच माणूस बाईक घेऊन फाटकाशी उभा असायचा, तिच्या नाकावरची काजळी पुसायचा आणि हसायचा. इथे आल्यापासून ती बेंतोचे, म्हणजे तयार जेवणाचे डबे भरणाऱ्या किचनमध्ये बटाट्याचे कोरोक्के तळत होती, आठवड्याला अठ्ठावीस तास. तिच्या व्हिसावर त्याहून जास्त काम करायची परवानगी नव्हती.

उदयच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उडाला. "अगं... तू मेटलर्जीची," तो पुटपुटला. "मी विसरलोच होतो."

भट्टीचं खोटं तिने कदाचित गिळलं असतं. त्याच्यावर आपलं घर चाललं होतं, हे तिलाही कळत होतं. पण हे काही तिच्या घशाखाली उतरेना.

"मेलेल्या भट्टीची क्षमता तुम्ही पाटीवर लख्ख ठेवलीत," ती म्हणाली. "मी तर जिवंत होते रे, उदय."

ट्रेन आली. तिने सईचा हात धरला आणि त्याच्यासाठी न थांबता ती आत चढली.