डिझेलला डावी पाकळी

शोरूमच्या नागराजचा फोन आला तेव्हा पार्वती गणेशगुडीच्या लॉजवर भाजी उतरवून भाड्याच्या जीपची वाट बघत उभी होती.

"अक्का, तुमची ऑर्डर बदलली बघा. डिझेल काढून पेट्रोल घातलं. एसी हाय, मागं कॅमेरा हाय. यजमान सकाळी येऊन सांगून गेले."

पार्वतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. छोटा पिकअप घ्यायचा ठरल्यापासून शोरूमच्या खेपा मारल्या तिनं, आणि ऑर्डर बदलून गेला दुसराच. तिला एसी नको होता, कॅमेरा नको होता. डिझेल इंजिन हवं होतं, हौद्याला उंच कठडे आणि वर पक्की ताडपत्री. पेट्रोलची गाडी कशी हलकी, आवाज कसा कमी, असे गुण नागराजनं गायले तेव्हा तिनं एवढंच विचारलं होतं, "भरलेली गाडी चढावर थांबली तर परत उचलंल काय?" नागराज डोकं खाजवत बसला आणि तिथंच तिचं ठरलं.

चढ म्हणजे तिच्या घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतचा. गेल्या पावसाळ्यात बाळंतपणाला आलेली लेक शांती अडली. हौद्यात तिचं डोकं मांडीवर धरून पार्वती बसली होती, नवरा पुंडलिक चालवत होता, आणि जुनी पेट्रोल गाडी त्या चढावर मागे मागे सरकत राहिली. गावानं ढकलून वर काढली, पण पोर हाती लागलं नाही. आता शांती पुन्हा माहेरी आली होती. तिला आठवा लागला होता.

घरी पुंडलिक ओसरीवर सुपारी कातरत बसला होता.

"कुणाला विचारून बदललं ओ?"

"देवाला. डिझेल घेऊ काय म्हणून प्रसाद लावला. डावी पडली."

लग्न असो की विहीर, देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवून कौल घ्यायचा ही गावाची रीत. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पार्वतीनंही जन्मभर तो मानला होता. म्हणून तर ती जास्तच भडकली.

"इंजिन काय देवानं उघडून बघितलं? आन् एसी? कॅमेरा? त्येलाबी पाकळ्या लावल्या व्हय?"

"ते नागराज म्हणाला, त्या गाडीत येतंयच."

"वा! देव सांगतोय निम्मं, नागराज सांगतोय निम्मं! मग तुमचं डोकं कशाला हाय?"

"ओरडू नको. आत पोरगी झोपलीया."

"तिच्यासाठीच ओरडतेय!"

पुंडलिकनं अडकित्ता खाली ठेवला. "मागची पेट्रोल गाडी मीच पसंत केली हुती. आता परत मीच ठरवू? ह्या खेपेला काय झालं तर..."

पार्वतीला सगळं कळलं. कळल्यावर राग निवायला हवा होता, पण तो आणखी चढला. वर्षभर हा माणूस मूग गिळून बसला होता, आणि तोंड उघडलं ते देवापुढं, हात झटकायला.

"म्हंजे काय झालं तर देवाच्या माथी मारायचं!"

तिनं तिथंच फोन लावला. "नागराज, डिझेल. एसी न्हाई, कॅमेरा न्हाई. आन् ऑर्डर माझ्या नावावर घाल."

"यजमानांना विचारलं काय अक्का?"

"न्हाई. देवालाबी न्हाई."

फोन ठेवून ती नवऱ्याकडं वळली. आवाज तसाच चढलेला होता. "चढाला गाडी अडली तर मला बोला. सगळ्या गावानं मला बोलावं. पण शांतीला न्यायच्या दिवशी गाडी मी चालवणार. हौद्यात लेकीचं डोकं मांडीवर घेऊन तुमी बसायचं."