लीलावतीबाईंचा पारा

मित्रांनो, आज माझा पारा काही जागेवर राहत नाही, इतका मला आनंद झाला आहे! मी एक जुने रक्तदाब मोजायचे यंत्र आहे, पत्र्याच्या पेटीतले, पाऱ्याच्या नळीचे.

लष्करातल्या डॉक्टर नंदकुमारांबरोबर मी लखनौला आले. कितीतरी जवानांच्या दंडाला माझा पट्टा बांधला गेला. डॉक्टरांना मराठी शब्दांचे भारी वेड. माझा फुगा दाबता दाबता ते शब्दांतले बारीक फरक समजावत, की रागावलेल्याला शांत करावे, बडबड्याला गप्प करावे, गोमती संथ वाहते आणि ज्याच्यामागे घाई नाही तो माणूस निवांत असतो. डॉक्टर गेले, बॅटरीवरचे यंत्र आले आणि मी जानकीपुरम भागातल्या त्यांच्या घरात कपाटावर धूळ खात पडले. मला फार वाईट वाटायचे.

मागच्या आठवड्यात ते नवे साहेब बंद पडले आणि माझी आठवण झाली! डॉक्टरांच्या पत्नीचे, लीलावतीबाईंचे, मोतीबिंदूचे ऑपरेशन रक्तदाबापायी दोनदा पुढे गेले होते. माणसांचे चेहरेही त्यांना धड दिसत नव्हते. रक्तदाब उतरला नाही, तर तिसऱ्यांदाही तेच होणार होते.

त्यांची मुलगी मुक्ता औषधांवर संशोधन करते. ती धावतच घरी आली, पर्स खांद्यावर तशीच. "आई, शांत बस. एकदम शांत." पारा पार वर असतानाच पहिला ठोका ऐकू आला, म्हणजे दाब भलताच चढलेला. तिने पुन्हा तेच बजावले, तर आणखी वर! नात हिमानी म्हणाली, "नानी, आप टेंशन मत लो यार." अहो, बाई रागावल्या कुठे होत्या? त्या घाबरल्या होत्या!

शेवटी बाईच म्हणाल्या, "मुक्ता, तू आधी खाली बस गं. तू अशी उभी राहिलीस की वाटतं, आत्ताच निघायचंय."

मुक्ताने पर्स उतरवली आणि आईचा हात धरून बसली. आपल्यालाही भीती वाटते आहे, हे तिने हळूच कबूल केले. मग बराच वेळ दोघी तशाच टेकून बसल्या. त्यानंतर पट्टा बांधला, तर ठोका कितीतरी खाली! मी पेटीतल्या पेटीत नाचले. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातही मुक्ता शेजारी बसून राहिली आणि ऑपरेशन झाले.

मित्रांनो, घरातले कोणी घाबरले तर उभ्या उभ्या 'शांत हो' म्हणू नका. जवळ बसा. आणि आमच्यासारख्या जुन्यांवरची धूळही अधूनमधून पुसत जा.

डोळ्यावरची पट्टी निघाली तेव्हा बाईंनी आधी मुक्ताकडे पाहिले. खूप वेळ पाहिले.

"किती दमलेली दिसतेस गं," त्या म्हणाल्या. "ये, बस निवांत."