शेडमधला ओटा

नगर निगमचा, म्हणजे इथल्या पालिकेचा, तो मुलगा हातात टेप घेऊन आला, तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं. राजवीर त्याचं नाव. नवा नवा इंजिनियर, शर्ट कडक इस्त्रीचा, आणि तोंडात सारखं 'आंटी, आंटी'. मी बकुळा, इथल्या देवासच्या एका मुक्तिधामाच्या समितीची सचिव. इकडे स्मशानाला मुक्तिधाम म्हणतात. कोरोनात तिथे टिनाची एक शेड उभी केली, बायकांना आणि म्हाताऱ्यांना बसायला. परवानगी अस्थायी होती, ती संपली. वाढवून घ्यायची तर पाहणी लागते, म्हणून हा आला होता.

त्याने शेडमधल्या ओट्याकडे बोट दाखवलं. "आंटी, ये तो पक्का है."

"आहेच पक्का," मी म्हटलं. "मीच बांधवलाय."

"अस्थायी शेड में पक्का काम नहीं चलेगा. या तो ये हटाओ, नहीं तो पूरा शेड हटेगा."

ओटा माझ्या नवऱ्याच्या नावाचा. सिमेंटचा, वर संगमरवरी फरशी, आणि फरशीवर कोरलेलं: कै. उमाशंकर यांच्या स्मरणार्थ. आम्हा मराठी मंडळींची ही खोडच आहे बघा. माणूस गेला की त्याचं नाव कुठेतरी दगडात पाहिजे. माझा ओटा झाला आणि सगळ्यांच्या अंगात आलं. कोणी आईच्या नावाने टाइल्स बसवल्या, कोणी काकांच्या नावाने पाण्याची टाकी बांधली. शेडचे खांब बिचारे नटबोल्टवर, आणि आत अख्खा बंगला! राजवीर डोळे फाडून बघत होता.

पण माझा ओटा वेगळा होता, हे त्या पोराला कोण सांगणार? आमचे हे टोंकखुर्दला पाण्याच्या पंपावर नोकरीला होते, रोजंदारीवर. जन्मभर रोजंदारीवर. दर तीन महिन्यांनी ऑर्डर वाढायची. 'पुढच्या वर्षी पक्कं करतील गं,' हे मी लग्न झाल्या झाल्या ऐकलं, आणि ते गेले त्या महिन्यातही ऐकलं. ऑर्डर यायला उशीर झाला की त्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. 'या वेळी कामावरून कमी केलं तर?' एवढंच म्हणायचे आणि पान सारायचे. मला त्या खात्याचा असा संताप यायचा की काय सांगू! म्हणून मी ठरवलं, जिवंतपणी नाही तर नाही, आता तरी या माणसाला कुठेतरी पक्कं करून टाकायचं. गवंड्याला सांगितलं, भिया, असा बसव की भूकंप झाला तरी हलता कामा नये.

आणि आता हा पोरगा म्हणतो हटवा.

"शेड न्यायची तर न्या," मी त्याला सुनावलं. "ओट्याला हात लावलात तर याद राखा."

तो काही चिडला नाही. "आठ दिन हैं, आंटी. सोच लो," म्हणाला आणि टेप गुंडाळून गेला.

घरी आल्यावर सगळं अक्कांना सांगितलं. अक्का म्हणजे माझ्या नणंदबाई, ह्यांची थोरली बहीण. पंचाहत्तरीला टेकल्यात, पण जीभ अजून तिखट. त्या म्हणाल्या, "बकुळे, शेड गेल्यावर त्या ओट्यावर बसणार कोण? कावळे?"

"तुमचाच भाऊ आहे ना तो?"

"माझाच हो. म्हणूनच विचारत्ये."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी तणतणत मुक्तिधामात गेले. मे महिना, पाय भाजत होते. समोर एक चिता जळत होती आणि ओट्यावर एक माळवी बाई एकटीच बसली होती. राजाबाई नाव, पलीकडच्या खेड्यातली. चितेवर तिचा नवरा होता. पुरुष मंडळी लांब झाडाखाली. तिचा पंजा नेमका 'उमाशंकर' या अक्षरांवर टेकलेला, पण तिचं लक्ष सगळं समोर. मला बघून ती सरकली.

"बैठो नी बेन, छाया हे."

मी बसले. आणि मला माझा दिवस आठवला. आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत, तरी मी ह्यांच्या वेळी गेले होते. पुतण्याने अग्नी दिला. 'बाईमाणसाला कशाला आणलं, ऊन लागेल, रिक्षाने घरी पाठवा,' अशी कुजबुज चालली होती. मी या शेडमध्ये येऊन जमिनीवर बसले आणि सांगितलं, सावलीत आहे, मला काही होत नाही. शेवटपर्यंत बसले. तेव्हा ओटा कुठे होता? शेड होती म्हणून मी ह्यांच्याजवळ राहू शकले.

मी राजाबाईला बाटलीतलं पाणी दिलं आणि बाहेर येऊन गवंड्याला फोन केला.

ओटा मी असा बांधवून घेतला होता की फोडताना गवंड्याला घाम फुटला. जन्मभर हे ज्या दिवसाला घाबरले, तो दिवस आज आला होता, आणि ह्यांना कमी करणारी मी! मी तिथेच सगळ्यांसमोर रडले. माझा ओटा निघालेला पाहिल्यावर बाकीच्यांनी टाकी आणि टाइल्स मुकाट्याने काढून नेल्या.

राजवीर परवानगी घेऊन आला. "तीन साल की है, आंटी. फिर बढ़ जाएगी."

मला हसू फुटलं. ह्यांनाही साहेब दर वेळी हेच सांगायचे. तो पोरगा गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला म्हटलं, काही नाही रे बाबा, जा, ऊन लागेल.

फरशी मात्र अखंड निघाली. रिक्षात मांडीवर घेऊन घरी आणली. अक्का काठी टेकत स्वयंपाकघरापर्यंत आल्या. तिथे माठाखालची तिवई कधीची डगमगत होती. अक्कांनी काठीनेच ती बाजूला ढकलली.

"इथे बसव त्याला."

मी विटा रचल्या, सिमेंट स्वतः कालवलं आणि फरशी बसवली. दोन दिवस सुकू दिली, मग वर माठ ठेवला. अक्कांनी वाकून फरशीवरून हात फिरवला, नाव चाचपलं.

"झाला हो पक्का," त्या म्हणाल्या. "आता याला कमी करायला कोणी येत नाही."

मग त्यांनी पाणी मागितलं. मी माठातलं काढून दिलं.